तरुणांची श्रद्धा मोजायची कशी?

ज्या दिवशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते, त्या दिवशी दिवे घाट चढताना माझ्या शेजारी पंचविशीतली एक मुलगी चालत होती. कपाळावर बुक्का, पाठीवर कंपनीचे नाव छापलेली सॅक, गळ्यात कुणीतरी अडकवलेले टाळ आणि मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारे घड्याळ. चढ संपत आला तेव्हा तिने ते घड्याळ माझ्यापुढे धरले. ठोके मिनिटाला १४० च्या आसपास होते. हसत ती म्हणाली, ‘‘जिममध्ये एवढे झाले की मी थांबते, माउली. इथे थांबावंसंच वाटत नाही.’’ किती वर्षे वारी करता, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले : ‘‘वारी नाही हो, हा एकच दिवस. मी तशी देवधर्म करणारी नाही. पण हा दिवस चुकवत नाही.’’

‘तरुण पिढी पुन्हा श्रद्धेकडे वळते आहे’ असे सांगणाऱ्या प्रत्येक बातमीपुढे ही मुलगी अडचण होऊन उभी राहते. सर्वेक्षण करणाऱ्याने ‘तुम्ही धार्मिक आहात का’ असे विचारले तर तिची खूण ‘नाही’ या चौकटीत पडेल. ‘गेल्या वर्षभरात एखाद्या धार्मिक सोहळ्यात भाग घेतला का’ असे विचारले तर ती ‘हो’ म्हणेल. घाटमाथ्यावरून टिपलेल्या छायाचित्रात तर ती सरळ वारकरीच दिसेल. माणूस एक, सकाळ एक आणि उत्तरे तीन. तरुणांमधील श्रद्धा वाढते आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल यांपैकी कोणते उत्तर आपण मोजतो यावर ठरतो, आणि ते मोजण्याचे शास्त्र सामान्यतः समजले जाते त्यापेक्षा बरेच अवघड आहे.

आपल्याकडे पुरावा म्हणून बहुधा गर्दी दाखवली जाते. शहरांतून ‘भजन क्लबिंग’ या नावाने गिटार आणि ड्रमच्या साथीवर रंगणाऱ्या मैफली, आळंदी ते पुणे किंवा पुणे ते सासवड असे टप्पे चालणारी संगणक क्षेत्रातल्या लोकांची ‘आयटी दिंडी’, देवस्थानांच्या रांगांत दिसणारे विद्यार्थी ही सगळी दृश्ये खरी आहेत. मात्र दृश्य म्हणजे कल नव्हे. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ६६ कोटींहून अधिक भाविकांनी स्नान केले असे उत्तर प्रदेश सरकारने जाहीर केले. त्या प्रचंड आकड्यात विशीतले किती, पहिल्यांदा आलेले किती आणि दहा वर्षांपूर्वीच्या विशीतल्यांशी तुलना केली तर काय दिसते, यांपैकी काहीच कळत नाही. रस्ते सुधारले, हातात पैसा आला, फोनवर दृश्ये फिरू लागली की गर्दी वाढतेच. तिच्यासाठी श्रद्धा तेवढीच राहिली तरी चालते.

म्हणून समाजशास्त्रज्ञ श्रद्धेचे किमान तीन धागे सुटे करून पाहतात : माणूस काय मानतो, स्वतःला कोणाचा म्हणवतो आणि प्रत्यक्षात काय करतो. हे धागे एकत्र वळलेले असतात असे आपण गृहीत धरतो, पण तसे असलेच पाहिजे असे नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ग्रेस डेव्ही यांनी १९९० च्या दशकात आपल्या देशातील लोकांचे वर्णन ‘मानतात, पण सामील होत नाहीत’ अशा अर्थाच्या शब्दांत केले होते : देव आहे असे सांगणारे पुष्कळ, पण रविवारी चर्चमध्ये बाके रिकामी. दिवे घाटातल्या मुलीचे नेमके उलटे होते. ती सामील होत होती, पण मानते की नाही हे तिलाही नीट सांगता आले नसते.

या गोंधळाचे अलीकडचे आणि बोधप्रद उदाहरण ब्रिटनमध्येच घडले. एप्रिल २०२५ मध्ये तेथील बायबल सोसायटीने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात यूगव्ह या संस्थेने २०१८ आणि २०२४ मध्ये केलेल्या दोन मोठ्या ऑनलाइन सर्वेक्षणांची तुलना होती. महिन्यातून एकदा तरी चर्चमध्ये जाणाऱ्या १८ ते २४ वयोगटातील लोकांचे प्रमाण या सहा वर्षांत ४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले, आणि त्या वयाच्या पुरुषांत तर ते २१ टक्के झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. चौपट वाढ, तीही ज्या देशात चर्चची इमारत विकून तिथे घरे बांधणे ही नित्याची गोष्ट झाली आहे तिथे! बातमी जगभर गेली. तरुण देवाकडे परतले, असे लेख आपल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागला नाही.

लोकसंख्याशास्त्रज्ञांनी मात्र लगेच भुवया उंचावल्या. ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ हे सर्वेक्षण १९८३ पासून चालू आहे. त्यात घरे चिठ्ठी काढल्यासारखी यदृच्छेने निवडली जातात आणि निवडलेल्या घरातील माणसापर्यंत सर्वेक्षण करणारे पोहोचतात. तिथे अशी उसळी दिसत नव्हती. दोन्हींत फरक पडतो तो माणसे मिळवण्याच्या पद्धतीमुळे. ऑनलाइन पॅनेलमध्ये लोक स्वतःहून नाव नोंदवतात, प्रश्नावल्या भरतात आणि त्याबद्दल थोडेफार पैसे किंवा कूपन मिळवतात. आता असा विचार करावा की प्रत्यक्षात चर्चमध्ये जाणारे तरुण शंभरात पाचच आहेत आणि प्रश्न न वाचता ‘हो, हो’ अशी बटणे दाबत जाणारेही शंभरात दहा आहेत. अहवालात जी पंधरा माणसे दिसतील त्यांतली दहा मुळात देवळाच्या पायरीलाही शिवलेली नसतील. जी गोष्ट समाजात कमी प्रमाणात आढळते, तिच्या मोजणीत अशा बेफिकीर उत्तरांचा हिस्सा सर्वांत मोठा असतो.

ही शंका केवळ तर्काची नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये अशा स्वयंनोंदणीच्या ऑनलाइन पॅनेलला मुद्दाम एक खुळा प्रश्न विचारून पाहिला : अणुऊर्जेवर चालणारी क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी चालवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी ‘हो’ असे उत्तर दिले. असे परवानाधारक देशात इतके थोडे आहेत की खरे प्रमाण शून्यच धरावे लागते. वय जितके कमी, तितकी ही बेफिकिरी अधिक, असेही त्यांना आढळले. म्हणजे ज्या वयोगटाच्या श्रद्धेबद्दल आपल्याला इतके कुतूहल आहे, त्याच वयोगटाची मोजणी या पद्धतीने सर्वाधिक बिघडते. तरुणांबद्दलची कोणतीही चमकदार टक्केवारी वाचताना मला आता आधी ती पाणबुडी आठवते.

यदृच्छ निवड केली तरी एक फट उरतेच. माणूस आपल्या धार्मिकतेबद्दल थोडे वाढवून सांगतो. त्याला खोटे बोलायचे नसते. आपण कसे आहोत यापेक्षा कसे असावे, ते त्याच्या तोंडून निघते. १९९३ साली कर्क हॅडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ॲश्टाब्युला परगण्यात याची तपासणी केली, आणि तिची पद्धत मोठी गमतीची होती. परगण्यात किती चर्च आहेत याची यादी त्यांनी केली, यादीत नसलेली शोधण्यासाठी रस्तोरस्ती गाडी फिरवली आणि जिथून उपस्थितीचा आकडा मिळत नव्हता तिथे रविवारी वाहनतळावरच्या गाड्या मोजल्या. दूरध्वनीवर विचारले असता सुमारे ३६ टक्के प्रॉटेस्टंट लोकांनी आपण त्या आठवड्यात चर्चला गेलो होतो असे सांगितले होते. मोजणीत निघाले सुमारे २० टक्के.

या सगळ्या चाळण्यांतून गाळल्यावर अमेरिकेबद्दल जे हाती राहते ते बातम्यांपेक्षा बरेच सौम्य आहे. प्यूच्या २०२३-२४ च्या पाहणीत ३६,९०८ प्रौढांना प्रश्न विचारण्यात आले. स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ६२ टक्के निघाले. २००७ मध्ये ते ७८ टक्के होते. ही घसरण गेल्या काही वर्षांत थबकली आहे. मात्र सर्वांत तरुण गटात रोज प्रार्थना करणारे २७ टक्के आहेत आणि सर्वांत वृद्ध गटात ५८ टक्के, म्हणजे तरुण आजोबांना मागे टाकू लागले असे अजिबात नाही. घसरण थांबणे आणि उभारी येणे यांत फरक आहे. त्याच पाहणीत शरीरापलीकडे आत्मा आहे असे मानणारे एकूण ८६ टक्के होते, आणि या बाबतीत तरुण वृद्धांच्या फारसे मागे नव्हते. धर्माचे नाव आणि नियम सैल झाले तरी आध्यात्मिक जाणिवेचा धागा तितका सैल झालेला दिसत नाही.

भारतात वेगळीच पंचाईत होते. प्यूनेच नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात १७ भाषांत, समोरासमोर बसून २९,९९९ भारतीयांच्या मुलाखती घेतल्या. देव आहे असे मानणारे ९७ टक्के निघाले आणि आयुष्यात धर्म अतिशय महत्त्वाचा आहे असे सांगणारे ८४ टक्के. जो तापमापक जवळपास प्रत्येकालाच सारखे तापमान दाखवतो, त्याच्यावर ताप चढला की उतरला हे कसे ओळखणार? ९७ च्या वर वाढायला जागाच उरत नाही. म्हणून आपल्याकडच्या तरुणांत काही बदलत असेल तर तो ‘मानतोस का’ या प्रश्नात सापडण्याची शक्यता कमी आहे. तो शोधायला करण्याच्या धाग्याकडे वळावे लागते : कोण चालतो, कोण गातो, कोणाबरोबर आणि त्यातून त्याला काय मिळते. त्या धाग्याबद्दल गेल्या वीस वर्षांत प्रयोगशाळेने आणि प्रयोगशाळेबाहेर पडलेल्या संशोधकांनी बरेच काही शोधून काढले आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दरखाइम यांनी १९१२ मध्ये असा विचार मांडला की माणसे एकत्र जमून एकाच ठेक्यात काही करू लागली की त्यांच्यात एक सामूहिक उमाळा येतो, आणि तो कुठून आला हे न कळल्यामुळे ती त्याला आपल्याहून मोठ्या शक्तीचे नाव देतात. शंभर वर्षे हा विचार ग्रंथांतच राहिला, कारण उमाळा मोजणार कसा? मग २००९ मध्ये स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ या दोघांनी एक अगदी साधा प्रयोग केला. तिघातिघांचे गट विद्यापीठाच्या आवारात फिरवून आणले. काही गटांना पावलाला पाऊल जुळवून चालायला सांगितले, बाकीच्यांना नेहमीसारखे. नंतर त्यांना असा खेळ दिला की ज्यात सर्वांनी एकमेकांवर भरवसा ठेवला तर सर्वांचाच फायदा, पण एकाने जरी हात आखडता घेतला तर भरवसा ठेवणाऱ्याचे नुकसान. पावले जुळवून चाललेल्यांनी एकमेकांवर अधिक भरवसा टाकला. हरिपाठाला पावली खेळणाऱ्या कोणत्याही वारकऱ्याला यात नवल वाटणार नाही, पण इथे ना टाळ होता, ना अभंग, ना देव. फक्त पावले होती, आणि तेवढ्यानेही फरक पडला.

पुढच्याच वर्षी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकावल्हवण संघावर एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. व्यायामशाळेतील वल्हवण्याच्या यंत्रांवर त्याच बारा खेळाडूंनी एकदा एकट्याने आणि एकदा सर्वांनी मिळून एका लयीत ४५ मिनिटे श्रम केले. श्रमानंतर प्रत्येकाच्या दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो फुगवत नेला आणि ‘आता दुखते’ असे तो केव्हा म्हणतो ते पाहिले. एकत्र वल्हवल्यानंतर त्यांना जास्त दाब सोसवला. व्यायामाने मेंदूत एंडॉर्फिन ही वेदनाशामक, सुखद भावना देणारी द्रव्ये स्रवतात. एकलयीत केलेल्या श्रमाने ती अधिक स्रवत असावीत, असा या संशोधकांचा तर्क आहे. तर्क एवढ्यासाठी म्हणायचे की एंडॉर्फिन त्यांनी थेट मोजले नव्हते, वेदना सोसण्याची क्षमता मोजली होती. तरीही दिवे घाटात ‘थांबावंसं वाटत नाही’ असे का वाटले असावे, याचा एक धागा इथे मिळतो.

सर्वांत विलक्षण निरीक्षण स्पेनमधील सान पेद्रो मानरिके या सुमारे सहाशे वस्तीच्या गावातले आहे. तिथे दरवर्षी २३ जूनच्या रात्री लोक ओकच्या लाकडांच्या धगधगत्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात, तेही अनेकदा पाठीवर आपल्या माणसाला घेऊन. दिमित्रिस झिगालाटास, इवाना कोन्व्हालिंका आणि त्यांच्या गटाने ३८ जणांच्या छातीवर हृदयाचे ठोके नोंदवणारे पट्टे बांधले. निखाऱ्यांवरून चालणारे १२, त्यांचे बघायला आलेले नातेवाईक आणि मित्र ९, आणि ज्यांचे गावात कोणीच नाही असे पाहुणे १७. चालणाऱ्याच्या हृदयाचा आलेख जसा चढला-उतरला, जवळपास तसाच तो नातेवाइकांच्याही हृदयात चढला-उतरला, जरी ते जागचे हलले नव्हते. पाहुण्यांच्या हृदयांत हा मेळ दिसला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की दृश्य सर्वांना सारखेच दिसत होते, ज्वाळा आणि गोंगाटही सारखाच होता. हृदये जुळली ती नात्यामुळे. निव्वळ गर्दीत उभे राहून ते साधत नाही. त्या गर्दीतले कोणीतरी आपले असावे लागते.

नामस्मरणाबद्दलही एक जुना, छोटासा आणि म्हणूनच लक्षात राहणारा अभ्यास आहे. २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्दी यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिन भाषेतील मेरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण नोंदवले. दोन्हींनी श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास आला. आपला श्वास एरवी मिनिटाला बारा ते सोळाच्या घरात असतो. आता सहा म्हणजे दर श्वासाला दहा सेकंद, आणि रक्तदाबात आपोआप होणाऱ्या संथ चढ-उतारांचा कालही जवळपास दहा सेकंदांचाच असतो. दोन हेलकावे एकमेकांत बसले की रक्तदाब सावरणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेची तत्परता वाढते, आणि तशी ती वाढलेली नोंदींत दिसली. साध्या गप्पा मारून हा परिणाम साधला नाही. एक मंत्र युरोपातला, एक आशियातला, भाषा निराळ्या, तरी एका दमात म्हणायची लांबी दोन्हींची तेवढीच. पिढ्यान्‌पिढ्या जप करणाऱ्यांनी छातीला मानवेल अशी ओळ निवडत आणली असेल काय, हा प्रश्न मला त्या लेखातील आकड्यांपेक्षा अधिक रमवतो. आपल्या हरिपाठातल्या ओळींवर कोणी असे पट्टे बांधून पाहावे, इतके ते स्वस्त आणि सोपे काम आहे.

हे सर्व अभ्यास मिनिटांचे आणि तासांचे झाले. महिनाभर चालणाऱ्या सोहळ्याने काय होते हे भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांच्या एका गटाने प्रयागच्या माघ मेळ्यात तपासले. गंगाकाठच्या तंबूंत महिनाभर राहून, कडाक्याच्या थंडीत पहाटे स्नान करणाऱ्या ४१६ कल्पवासींना त्यांनी मेळ्याच्या आधी आणि मेळ्यानंतर त्यांच्या घरी गाठून तब्येतीविषयी प्रश्न विचारले. तुलनेसाठी मेळ्याला न गेलेले १२७ जणही निवडले. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : थंडी, गोंगाट, अस्वच्छता आणि गर्दी सोसूनही कल्पवासींना स्वतःचे स्वास्थ्य सुधारल्यासारखे वाटत होते, न गेलेल्यांत तसा बदल नव्हता. त्याच गटाच्या पुढील कामात असे दिसले की आजूबाजूचे लोक आपल्यासारखेच, आपल्यातलेच आहेत असे ज्यांना अधिक वाटत होते त्यांना हा लाभ अधिक झाला. गोंगाटावरचा त्यांचा प्रयोग तर फार सुंदर आहे. एकच अस्पष्ट कोलाहल ऐकवून काहींना तो मेळ्यातला आहे असे सांगितले, काहींना शहरातल्या रस्त्यावरचा. मेळ्यातला म्हणून ऐकणाऱ्यांना तोच आवाज सुसह्य, किंबहुना बरा वाटला.

अर्थात कल्पवासी बहुतेक उतारवयाचे असतात आणि स्वास्थ्याबद्दलची उत्तरे त्यांनी स्वतःच दिलेली होती, हे विसरून हा निष्कर्ष जसाच्या तसा पंचविशीला लावता येणार नाही. तरुणांबद्दल अधिक थेट पुरावा अमेरिकेतून येतो. यिंग चेन आणि टायलर व्हँडरवील यांनी परिचारिकांच्या मुलांचा आठ ते चौदा वर्षे पाठपुरावा करून २०१८ मध्ये दाखवले की लहानपणी किंवा किशोरवयात दर आठवड्याला प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांमध्ये पुढे विशी-तिशीत अधिक आनंदी असल्याचे सांगण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्या घरांतून मुले नियमित प्रार्थनेला पाठवली जातात त्या घरांत आणखी काय काय नीट चाललेले असते, ते पूर्णपणे बाजूला काढणे कोणत्याही गणिताला जमत नाही. यापेक्षा मला २०१० चा चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांचा निष्कर्ष अधिक बोलका वाटतो. प्रार्थनास्थळी नियमित जाणारे लोक आयुष्याविषयी अधिक समाधानी असतात हे आधीच माहीत होते. या दोघांनी विचारले, तिथे तुमचे मित्र किती? ज्यांचे तिथे जिवलग होते त्यांच्याच समाधानात वाढ होती. नियमाने जाऊन, कोणाशीही न बोलता परतणाऱ्यांना तिचा वाटा मिळत नव्हता.

हे वाचताना पुण्यातल्या कॉट बेसिसवरच्या खोल्या डोळ्यांपुढे येतात. गाव सोडलेले, तीन अनोळखी मुलांबरोबर राहणारे, डब्याच्या वेळेवर जगणारे, सणाला सुट्टी न मिळालेले वय ते हेच. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली १८ ते २५ या वयाला स्वतंत्र टप्पा मानावे असे सुचवले, कारण या काळात शिक्षण, नोकरी, जोडीदार, गाव आणि विचार हे सारे एकाच वेळी अनिश्चित असते. अशा वेळी अनोळखी माणूस वाकून पायाला हात लावतो आणि ‘माउली’ म्हणतो, आपणही त्याच्या पायाला हात लावतो, तेव्हा वय, पगार, जात यांची विचारपूस न होता काही तासांपुरते का होईना आपण कोणाचे तरी ठरतो. सान पेद्रोच्या पाहुण्यांची हृदये जुळली नव्हती. वारीची रीत पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत नातेवाईक करून टाकते. तरुण का येतात याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे. सिद्धांत म्हणून ते अजून कोणी तपासलेले नसले, तरी वरच्या सर्व निष्कर्षांशी ते जुळते.

जी यंत्रणा माणसांना जोडते ती कोणासाठी जोडते हे मात्र तिला कळत नाही. इतिहासकार विल्यम मॅकनील यांना १९४१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती केले गेले, आणि टेक्सासच्या उन्हात तासन्‌तास चाललेल्या निरर्थक कवायतीतून आपल्याला अवर्णनीय उत्साह वाटत असे, हे आठवून त्यांनी पुढे या विषयावर संशोधन केले. विल्टरमथ यांनीही २०१२ मध्ये आपल्याच प्रयोगाची दुसरी बाजू तपासली. सहभागींना एका व्यक्तीबरोबर पावले जुळवून चालवले, आणि मग त्या व्यक्तीने त्यांना ओल्या मातीत कुंडीखाली सापडणारे राखाडी किडे एका यंत्राच्या नरसाळ्यात टाकायला सांगितले. ते यंत्र किडे मारते असे सहभागींना वाटत होते. पावले जुळवून चाललेल्यांनी अधिक किडे टाकले. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचलेल्या तरुणांना नंतर कोणी काय करायला सांगते, याकडे समाजाने लक्ष ठेवण्याचे कारण यात आहे. एकलयीच्या परिणामावरील अनेक प्रयोगांची नंतर एकत्रित विश्लेषणे झाली. त्यांत परिणाम टिकला, पण तो मध्यम निघाला. एका घाटात कोणी संत होत नाही आणि एका मिरवणुकीत कोणी गुंडही होत नाही.

मग महाराष्ट्रात तरुणांची ओढ खरोखर वाढते आहे का, हे कसे शोधावे? ऑनलाइन प्रश्नावली काढून उपयोग नाही. पाणबुडीवाले तिथेही येतील. माउलींच्या पालखीत रथापुढे २७ आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक दिंड्या चालतात. पूर्ण वाटचाल करणारा वारकरी आपल्या दिंडीत भिशी भरतो, त्यातून जेवणाखाण्याचा आणि तंबू-ट्रकचा खर्च निघतो, आणि त्याचे नाव, गाव दिंडीच्या वहीत लिहिले जाते. सोबत वय लिहिण्याची पद्धत पाडली आणि यदृच्छेने निवडलेल्या पन्नास-साठ दिंड्यांच्या वह्या दहा वर्षे ओळीने तपासल्या, तर तिशीच्या आतल्यांचा हिस्सा वाढला, घटला की तेवढाच राहिला याचे उत्तर मिळेल. त्याच तरुणांना आळंदीला निघण्यापूर्वी आणि पंढरपूरहून परतल्यानंतर महिन्याने, माघ मेळ्याच्या अभ्यासासारखेच, त्यांच्या घरी गाठावे लागेल. प्रश्न ‘देव मानता का’ हा नसावा. दिंडीतल्या किती जणांना तुम्ही आजही फोन करता, एवढा एक प्रश्न पुरेसा बोलका ठरेल.

या पाहणीतूनही घाटातली ती मुलगी निसटेल, कारण तिने भिशी भरलेली नाही. सासवडला पोहोचल्यावर गळ्यातले टाळ ज्याचे त्याला परत देऊन ती एसटी पकडणार होती, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची शिफ्ट होती. टाळ मागायला आलेल्या आजोबांच्या आधी ती वाकली, तिच्याआधी ते वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. पुढच्या वर्षी कोणत्या दिंडीमागे चालणार हे तिने त्यांना विचारून घेतले आणि तो क्रमांक फोनमध्ये उतरवून ठेवला.